भरीत खाऊन घेतलेला फ्लॅट

माझा दीर जळगावात फ्लॅट विकतो, आणि फक्त हिवाळ्यात विकतो. हे मला फार उशिरा कळलं. त्याचा मला जितका राग येतो, तितकाच स्वतःचाही येतो.

त्याची रीत साधी आहे. थंडी पडली की नव्या इमारतीच्या गच्चीवर भरीत पार्टी ठेवायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, केळीच्या पानावर भरीत-पुरी वाढायची आणि गिऱ्हाइकाला कोवळ्या उन्हात बसवायचं. डिसेंबरचं ऊन कोणाला वाईट वाटतं? आम्ही नवरा-बायको आणि माझी आई असेच बसलो होतो. वडील गेल्यापासून आई धुळ्याकडच्या आमच्या गावात एकटी राहायची. तिला कायमचं जवळ आणायचं, एवढ्यासाठीच मला मोठं घर हवं होतं. दीर म्हणाला, "वहिनी, सगळ्यात वरचा घ्या, पश्चिमेच्या गॅलरीचा. मावशींना संध्याकाळी सूर्य दिसेल."

दिसला. चांगलाच दिसला.

मी खान्देशातच जन्मले. इथे वैशाखात दुपारी रस्ते कसे ओस पडतात, ते मला कुणी शिकवायला नको होतं. तरी आम्ही देव्हाऱ्याची दिशा बघितली, स्वयंपाकघराची बघितली, उन्हाची बघितली नाही. ज्या स्लॅबवर बसून बोटं चाटली, तोच उद्या आपल्या डोक्यावर तापणार आहे, हे आमच्या शिकलेल्या डोक्यांत आलं नाही.

होळी झाली आणि घराची भट्टी झाली. नळाला चहा करण्याजोगं पाणी यायचं. कूलर गरम वारा फेकायचा. आई ओला पंचा डोक्यावर घेऊन पलंगाखाली, फरशीवर पडून राहायची. एका दुपारी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा मी दिराला बोलावून घेतलं. तो दारातूनच म्हणाला, "उन्हाळा सगळ्यांनाच असतो, वहिनी." तो स्वतः तळमजल्यावर राहतो, निंबाच्या सावलीत. त्या दिवशी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, याचा मला अजून आनंद आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. माझी आई लेकीच्या घरून पळाली. "पोरी, माले घर पोचाडी दे," ती म्हणाली, "आठे, या घरमा, मन्हा जीव घाबरस." मी तिला गावी, मातीच्या धाब्याच्या घरात सोडून आले. नंतर ती थंडीतही आली नाही. कितीही बोलावलं तरी म्हणायची, तुझं घर चांगलं आहे, पण मला नको.

गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली. शेजारीण येईपर्यंत तशीच चिखलात पडून होती. मग मी ठरवलं, हा फ्लॅट विकायचा आणि तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन तिला आणायचं. दुसऱ्या कोणाकडून गिऱ्हाईक येईना, म्हणून नाक मुठीत धरून दिराकडे गेले.

"थंडी पडू द्या," तो म्हणाला. "आणि भरीत तुम्हीच करा. तुमच्या हाताला चव आहे."

त्याच्या तोंडावर दार आपटून निघायला हवं होतं. मी बाजारात जाऊन वांगी निवडून आणली.

शिरपूरकडची एक बाई नवऱ्याला आणि आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. बाईने देव्हाऱ्याची दिशा विचारली. म्हातारी गॅलरीतल्या उन्हात हात शेकत उभी राहिली. मग गच्चीवर पंगत बसली. माझ्या भरताचं कौतुक झालं. वाढत वाढत म्हातारीपाशी आले, तेव्हा तिने माझा हात धरला.

"पोरी, उन्हायामा आठे झोप लागस का?"

दीर माझ्याकडे बघत होता. तिची लेकही बघत होती.

"खा, माय," म्हणत मी तिच्या पानावर आणखी भरीत वाढलं.