हवेच्या नळीतला धूर

मानोऱ्यात माझं पत्र्याचं दुकान आहे. शाळा मी तिसरीत सोडली, पण पत्रा कसा वळवायचा हे मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा. जन्मभर धान्याच्या कोठ्या केल्या. कोठी गिऱ्हाइकाच्या हवाली करायच्या आधी आत कडुलिंबाचा पाला अन् ऊद जाळून धूर द्यायचा, ही माझ्या बापाची रीत. धान्याला कीड लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी वाशीमच्या एका दवाखान्याचं काम आलं. कमी वजनाच्या तान्ह्या लेकरांच्या खोलीत बाहेरची हवा गाळून आणायची होती, त्यासाठी पत्र्याच्या चौकोनी नळ्या करायच्या. सोबत एक कागद. नळी आतून पुसली आहे, तेलाचा अंश नाही, तोंडं प्लास्टिकनं बांधली आहेत, अशा एकेका ओळीपुढं बरोबरची खूण करून खाली सही द्यायची. अन् तपासणीत पास झाल्याशिवाय नळ्या बसणार नव्हत्या.

कागद वाचणं सुनेकडे. ती बारावी शिकलेली. तिनं एकेक ओळ दोनदा वाचून दाखवली. मग विचारलं, "मामाजी, आतून पुसल्या ना?"

पुसल्या नव्हत्या. पत्रा कारखान्यातून येतानाच तेलकट असतो, हे मला ठाऊक होतं. पण नवा कोरा पत्रा पुसायचा म्हणजे नवरीचं तोंड राखेनं घासायचं, असं मला वाटे. उलट मी प्रत्येक नळीला पाल्याचा अन् उदाचा धूर दिला होता. लेकरांच्या खोलीत जायची वस्तू, म्हणून जरा जास्तच.

"तू मले शिकवून राह्यली काय? कर खुणा," मी म्हटलं. तिनं खुणा केल्या. खाली मी सही ठोकली.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघं वाशीमला गेलो. तपासणाऱ्या साहेबानं प्लास्टिक सोडलं, हाताला पांढरं फडकं गुंडाळलं अन् नळीत कोपरापर्यंत हात घातला. फडकं तव्याच्या बुडासारखं काळं निघालं. तेलावर धूर बसला होता. साहेबानं फडक्याचा वास घेतला अन् विचारलं, कागदावर या खुणा कोणी केल्या?

मी काही बोलायच्या आत सून बोलली, "मीच केल्या साहेब. मामाजीले मी नीट वाचून नाही दाखवलं."

मग साहेब तिलाच बोलत राहिला. शिकून काय उपयोग, ही घाण कोणाच्या छातीत गेली असती ते कळतं का, असं बरंच काही, तेही नर्सबायांसमोर. ती मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझं एक वाक्य पुरलं असतं. तोंडातून शब्द फुटला नाही असं म्हणेन तर ते खोटं. शब्द होता, मी तो काढला नाही.

नळ्या परत आणल्या. साबणाच्या पाण्यानं धुतल्या, वाळवल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं आतून पुसल्या. सून मदतीला आली तर तिला हात लावू दिला नाही. तेवढीच माझी मर्दुमकी.

दुसऱ्या तपासणीला मी एकटाच गेलो. फडकं पांढरं निघालं. साहेब सही करत असताना मी म्हटलं, "मागच्या खेपेस सुनेनं बराबर वाचलं होतं, साहेब. मीच पुसलं नोतं."

आता पास झालं ना बाबा, म्हणत त्यानं कागद माझ्या हातात दिला अन् पुढच्या खोलीत गेला. ज्यांच्यासमोर ती बोलणी खात होती, त्या नर्सबायांपैकी तिथं कोणीच नव्हतं.

घरी सुनेनं कागद वाचला, बरं झालं म्हणाली. साहेबाला मी काय सांगितलं, हे तिला सांगायचं मनात होतं. पण ते सांगितलं असतं तर पाठोपाठ माफीही मागावी लागली असती.

"चहा टाक," एवढंच म्हटलं.