कुमुदताई आणि देवराईतला फोटो

कोलकात्यात बालीगंजच्या मासळीबाजारात मी फोटोसाठी फोन वर केला आणि मागून एक हात थेट माझ्या कॅमेऱ्यासमोर आला. "त्या मासेवाल्याला विचारलंत का?" चक्क मराठीत! मी नवऱ्याला "अहो, केवढा हा मासा!" म्हटलेलं त्या बाईंनी ऐकलं होतं. ही माझी नि कुमुदताईंची पहिली भेट. मूळच्या नाशिकच्या, सरकारी विमा कंपनीत अधिकारी, आमच्याच गल्लीत एकट्या राहत.

फोटोंचं त्यांना वेड होतं आणि त्याहून मोठी धास्ती. टॅक्सी फोर्ट विल्यमच्या लष्करी तळाजवळ आली की कॅमेरा पिशवीत जाई. घाटावर कुणी अंघोळ करत असेल तर त्या मान खाली घालून चालत. "आपण घरी निघून जातो प्रकाश, आणि त्यांचा चेहरा आपल्या खिशातून नेतो," असं माझ्या नवऱ्याला बजावत. तो हसायचा.

काही वर्षांपूर्वी वसंतात त्या आम्हाला हावड्याहून सकाळच्या गाडीनं ओळखीच्या एका संथाळ गावी घेऊन गेल्या. फुलांचा सण होता. मुखियानं भिंतींवरची चित्रं, नाच, सगळ्यांचे फोटो काढू दिले. फक्त देवराईतल्या पूजेला नाही म्हटलं.

दुपारी देवराईतला ढोल एकाएकी थांबला. प्रकाश कुठे दिसेना. कुमुदताई तडक देवराईकडे वळल्या. धावत गेलो, तर माणसांच्या घोळक्यात प्रकाश उभा. "लांबूनच काढला, एकच," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. कुणीतरी त्याची कॉलर धरली होती.

कुमुदताईंनी त्याच्या हातून फोन घेतला, मुखियासमोर जमिनीवर बसल्या आणि त्याला दाखवत फोटो पुसला. मग आपला कॅमेराही पुढे केला. "आमचंच माणूस चुकलं. यातलंही नको असेल तर सांगा."

मुखिया बंगालीत म्हणाला, "आज काहीच नको."

ताईंनी सकाळपासूनचं सगळं पुसलं.

परतीच्या गाडीत प्रकाश हळूच म्हणाला, "पण ताई, तुमच्या फोटोंना तर परवानगी होती."

"सकाळी होती. दुपारी त्यांनी परत घेतली. त्यांचीच होती ना ती?"

पुढे कित्येक दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. आता ते गाव आपल्याला तुटलं, असंच धरून बसल्या. पावसाळा सरल्यावर मुखियाचा फोन आला. मुलीचं लग्न होतं. प्रकाशलाही बोलावलं होतं. ताई कॅमेरा न घेताच गेल्या, वाटेत दोनदा म्हणाल्या, "परत फिरूया का?" मुखिया त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघून वैतागला. "म्हणजे फोटो कोण काढणार?"

माझ्या फोनवर त्यांनी दिवसभर लग्न टिपलं. प्रत्येक फोटो नवरी आधी बघायची, नको तो काढून टाकायला लावायची. तिचा उत्साह ताईंच्या लक्षात राहिला. पुढे निवृत्त होऊन नाशिकला जाताना त्यांनी आपला कॅमेरा तिलाच दिला.

आता सणाला माहेरी आली की फोटो ती काढते. बाहेर कोणते जाऊ द्यायचे तेही तीच ठरवते. मला आलेला एखादा मी ताईंना पाठवते, अर्थात तिला विचारून. लगेच नाशिकहून फोन येतो. फोटो कसा आहे ते बाजूलाच राहतं.

"गावात तिला कुणी काही बोललं तर नाही ना गं?"