काळ्या रंगाखालचा निळा

महिपत पाष्टे डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचे. एकवीस वर्षं गॅसचे बाटले उतरवून घ्यायचे आणि रंग बघून वेगळे लावायचे. ऑक्सिजनचा काळा, आर्गॉनचा निळा. चुकलं तर जीव जायचा, म्हणून डोळा तयार झालेला.

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, हाच डोळा त्यांच्या कोपरच्या सोसायटीच्या कामी आला. वयामुळे कंपनीने त्यांना घरीच बसवलं होतं. मोबाइलवर 'ऑक्सिजन मिळेल' असे मेसेज धडाधड यायचे. वरच्या मजल्यावरची दीप्ती त्यातले फोटो काकांना दाखवायची.

"काका, हा?"

"हा आग विझवायचा बाटला. वरून काळा मारलाय. पैसे टाकू नका, सांग त्यांना."

"शुअर?"

"अगं, खालून लाल दिसतोय ना. तू इंजिनियर, तुला दिसत नाय?"

पाच-सहा घरं अशी फसता फसता वाचली.

मग त्यांच्याच घरात ताप शिरला. त्यांच्या बायकोचा, तुळसाकाकूंचा, ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला. कुठल्याच हॉस्पिटलात बेड मिळेना. दुपारी दीप्तीला टिटवाळ्याचा प्रितम नावाचा माणूस सापडला. त्याच्याकडे भरलेला बाटला होता, पण डिपॉझिट आधी ऑनलाइन टाकायचं होतं. त्याने फोटो पाठवला.

काकांनी फोटो मोठा केला. बाटल्याच्या गळ्याशी, काळ्या रंगाखालून निळा दिसत होता.

"आर्गॉनचा हाय हा."

स्पीकरवर प्रितम म्हणाला, "काका, साफ करून ऑक्सिजनला घेतलाय. सरकारनेच परवानगी दिलीय."

"सगळे असंच बोलतात. चोर साला! माणसं मरतायत आणि तू रंग मारत बसलायस."

त्यांनी फोन कापला.

"काका, टाकूया ना," दीप्ती म्हणाली. "गेले तर गेले."

"पैशाचं नाय गं. आत आर्गॉन असला तर ती जागेवर जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अॅम्ब्युलन्सची वाट बघता बघता, तुळसाकाकू गेल्या.

जूनमध्ये काका कामावर परतले. आवारात काळे बाटले ओळीने उभे होते आणि एक जण त्यांच्यावर निळा रंग मारत होता.

"हे काय?"

"आपलेच आर्गॉनचे, महिपतराव. एप्रिलमध्ये साफ करून ऑक्सिजनला दिलेले. सरकारचं पत्र होतं. तुम्ही तेव्हा घरी होतात."

संध्याकाळी काका दीप्तीच्या दारात उभे राहिले. "त्या टिटवाळ्याच्या माणसाचा नंबर दे."

"कशाला काका?"

"चोर बोललो मी त्याला."

फोनवर प्रितमला आधी नीट आठवेना. "अहो, रोज दहा जण चोर बोलायचे तेव्हा. निळा दिसत होता तो ना? तुमच्यानंतर लगेच कल्याणच्या एक मॅडम घेऊन गेल्या. त्यांचा मुलगा वाचला. आता मात्र चार भरलेले पडून आहेत, कोणी विचारत नाही. तुम्हाला हवाय का?"

"नको," काका म्हणाले.