मार्थामावशीने नाकारलेला कॅन

दादांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभी होते. हातातल्या पत्रकांची शाई अजून ओली होती. "तुझी मावशी गेली," एवढंच म्हणाले. मग, "माती संध्याकाळी हाय, चर्चच्या मागं. ये." कोणती मावशी, हे विचारावं लागलं नाही. आईला बहीण नव्हतीच. मला मावशी एकच... मार्थामावशी. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. घाटनांदूरच्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथल्या दूध सोसायटीत ती कितीतरी वर्षं सगळ्या गावाचं दूध मोजून घ्यायची.

त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत दोघांनी मला तिच्याबद्दल शहाणपण शिकवलं. एक म्हणाला, बिचारी भोळी, मिशनवाल्यांच्या नादी लागली. दुसरा आमच्याच चळवळीतला. तो म्हणाला, तिकडं जाऊन तिला काय मिळालं? दोघांनाही तोंडावर उत्तर दिलं, पण समाधान झालं नाही. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात देव नव्हता, पत्रकं होती. आजोबांनी धम्म घेतला, दादा शिक्षक झाले आणि पगारातून पत्रकं छापू लागले. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. मावशीचे आजोबा मांगवाड्यातले, माझे महारवाड्यातले. मिशनच्या दवाखान्यात पोर वाचलं म्हणून तिचे आजोबा ख्रिस्ती झाले. या दोन वाड्यांत एकमेकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, हे आपण सोयीने विसरतो. गावच्या चर्चमध्ये दोन्ही वाड्यांतून आलेली कुटुंबं होती. देव एक झाला, पण बसायच्या जागा दोन राहिल्या.

अकरावीत असताना मी तिला टोचलं होतं. ती भाकरी थापत होती.

"मावशी, तुमच्या चर्चात पण जात हाय. डावीकडं एक वाडा, उजवीकडं एक."

"हाय ना."

"मग कावून जातीस?"

"हाय म्हणूनच जाते. नसती तर घरी निजले असते की गं."

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एकच प्याला, सगळ्यांच्या ओठांना लागत फिरणारा. त्या वर्षी पंचमंडळींनी बारीक काचेचे ग्लास आणले, प्रत्येकाला वेगळा. कारण सांगितलं आरोग्याचं. आजार कोणता ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुष्काळ होता, टँकर आठ दिवसांनी यायचा. मावशी भर उपासनेत उठली. "पाळकसाहेब, एवढे ग्लास धुवायला पाणी कुणाच्या घरचं आणू?" माणसं हसली. हसू थांबेपर्यंत ती उभीच राहिली. "ज्याला माझ्या उष्ट्याची किळस येती, त्यानं प्रभूच्या ताटाला हात लावू नये." ग्लास खोक्यात गेले. पुढच्या वेळी दोन घरं चर्चला आलीच नाहीत. मावशी त्यांच्या दारात जाऊन बसली. "भांडण झालं. आता चला," म्हणाली. चहा प्यायल्याशिवाय आणि त्यांना सोबत घेतल्याशिवाय उठली नाही.

हे सगळं मला तेव्हा किरकोळ वाटायचं. देवळातलं भांडण देवळात, असं. पण त्याच उन्हाळ्यात ते भांडण दूध सोसायटीत आलं.

कडबा संपला होता, जनावरं उसाच्या वाढ्यावर होती, सगळ्यांचंच दूध पातळ भरत होतं. एका सकाळी चेअरमन लाल पट्टा मारलेला एक कॅन घेऊन आले. शहरातल्या पेढेवाल्याला 'वरच्या आळीचं' दूध वेगळं हवं होतं. चेअरमन असं बोलले नाहीत. ते म्हणाले, "मार्थाबाई, वस्तीच्या दुधाला फॅट लागत न्हाई. ते ह्याच्यात वता."

मावशीनं फॅटच्या मशीनवर हात ठेवला. "साहेब, तुमच्या म्हशीचं आज किती भरलं, सांगू का मोठ्यानं?"

रांगेतली पोरं फिसकन हसली. चेअरमनचा चेहरा उतरला. "नोकरी कुणाची हाय, ध्यानात ठेवा."

"नोकरी तुमची हाय. दूध लोकांचं हाय." आणि तिनं आमच्या वस्तीचं माप उचलून नेहमीच्याच कॅनात ओतलं. पाठोपाठ वरच्या आळीच्या यमुनाकाकूचं, त्याच कॅनात. काकू रांगेत पुढंच होत्या. त्यांनी नुसतं पदराला तोंड पुसलं. "आता काय येगळं काढतावं? काढा की," चेअरमनला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेढेवाल्याचा टेम्पो आला, पण गावाचं एकत्र केलेलं दूध न उचलता गेला. ऊन चढलं. दुष्काळात तेवढाच आधार, आणि तोही डोळ्यांदेखत नासणार. पहिली शिवी आमच्याच वस्तीतून आली. "मार्थे, तुझ्या देवापायी आमच्या लेकरांच्या तोंडचं गेलं!" मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं एकदाच मान खाली घातली, ओठ हलले. मग म्हणाली, "चर्चातली मोठी कढई काढा. लाकडं आणा."

चर्चच्या अंगणात तीन दगडांवर कढई चढली. सगळ्या गावाचं दूध एकत्र आटू लागलं. ढवळायला एक माणूस पुरत नव्हता. मावशी थकली की माझी आई, आई थकली की यमुनाकाकू. काकू आयुष्यात पहिल्यांदा त्या अंगणात आल्या होत्या. दुपारी खवा झाला. मावशीनं प्रार्थना केली, दोनच वाक्यांची, आणि पहिला घास काकूंच्या हातावर ठेवला. काकूंनी तो तोंडात टाकला. मग कुणाला कुणाचं विचारायला सवड राहिली नाही... शिवी देणारीही पोरांना घेऊन पंगतीत होती. मी नास्तिक आहे, तेव्हाही होते. पण त्या दिवशी अंगणात जे चाललं होतं त्याला प्रभुभोजन म्हणायला माझी हरकत नाही.

संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'आमचं दूध बाटलेलं, तुमचे पेढे पवित्र?' असा मथळा. वरच्या आळीला त्यात सोलून काढलं होतं. अभिमानाने तिला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. "लई धार हाय गं. पण ह्यात यमुना कुठं हाय?"

मी म्हणाले, एका बाईसाठी खरं बदलायचं का?

"बदलू नको. पुरं लिही."

तेवढ्यावर आम्ही भांडलो. शेवटी मी ते पत्रक फाडलं आणि दुसरं लिहिलं, चेअरमनच्या नावानिशी, यमुनाकाकूंच्याही नावानिशी. धार कमी झाली नाही, उलट वाढली. आठवडाभर गावातल्या कोणत्याच बाईनं सोसायटीत दूध घातलं नाही. आठव्या दिवशी लाल पट्ट्याचा कॅन गोदामात गेला. मावशीला महिन्याभरात कामावरून काढलं. तिला याचा सत्कार नको होता, तक्रारही नव्हती. ती कोंबड्या पाळू लागली. वेगळा कॅन मात्र पुन्हा बाहेर आला नाही. तिला काय मिळालं, असं विचारणाऱ्यांनी हे उत्तर लिहून घ्यावं.

मातीच्या दिवशी मी पोचले तेव्हा प्रार्थना सुरू होती. माझे दादा, देवाविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे, टोपी काढून उभे होते. आमच्या चळवळीच्या मंडळातला एक पोरगा कुजबुजला, "गुरुजी, तुम्ही पण?" दादा म्हणाले, "मी देवापुढं न्हाई उभा. मार्थापुढं उभा हाय." तेवढ्यात फाटकापाशी आवाज झाला. यमुनाकाकू आत येत होत्या आणि त्यांचा थोरला त्यांना अडवत होता. "आई, लोक काय म्हणतील?" काकू म्हातारपणानं वाकल्यात, आवाज मात्र तोच. "लोक कोण बे? खवा खाताना तू पण हुतास." त्यांनी मूठभर माती घातली आणि हात झटकला नाही.

मावशीच्या मुलानं पुण्याला जाताना घराला कुलूप लावलं. ओटा तेवढा उघडा राहिला. सकाळी दूध घालून परतणाऱ्या बायका आता तिथं टेकतात, वरच्या आळीच्या, आमच्या, चर्चच्या. कुणी ठरवलं नव्हतं. सरपंचानं निरोप धाडला होता, बंद घरापुढं बायकांनी घोळका करू नये. कुणी उठलं नाही. परवा मी गेले तेव्हा ओटा भरलेला होता. मी रस्त्यातच उभी राहिले. काकू ओरडल्या, "उभी कावून? सरका गं जरा." सगळ्या सरकल्या. मी मध्ये बसले, आणि दोन्हीकडून खांद्याला खांदे लागले.