गुलाब मिस्त्री अन् मागची खटखट

नवऱ्याचं नाव घ्यायची मले सवय नाही. मी यायले 'राजदीपचे बाबा' म्हणते, गोंदियाजवळच्या कुडव्यात बाकी सगळे गुलाब मिस्त्री म्हणतात. घराच्या पुढं टिनाचं शेड, शेडात खड्डा अन् खड्ड्यावर कोणाची ना कोणाची जुनी गाडी. लग्न होऊन आली तेव्हापासून मी हेच पाहून राहिली.

यायची पद्धत निराळी. गाडी आली की आधी पान्याले हात लावायचा नाही. मालकाले चालवायले सांगायचं अन् आपण बाजूले डोळे मिटून बसायचं. चौकापर्यंत जाऊन आले की सांगत, "डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं." अन् तेच निघे. "गाडी सोताच सांगते, आपण फक्त चूप बसाचं," म्हणत. घरात मात्र माझं कधी ऐकलं नाही, ते सोडा.

मंग कान गेले. हळूहळूच गेले, हातोडा अन् ग्राइंडरच्या पायी. कुकरच्या शिट्टीले मान वळेना, फोन वाजला त मी हातानं दाखवावं. एकदा म्हटलं, "दवाखान्यात चला," त अंगावर आले. "कायले? मी का बहिरा आहो का?" इतक्या जोरानं बोलले की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून पाहाले लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी बी तोंड बंद ठेवलं.

सालेकशाकडून गोवर्धनभाऊ येत. धानाची शेती, अन् गाडी जुनी. त्यांच्या बायकोचं, सुमित्राबाईचं, कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दर आठवड्याले तिले गोंदियाले आणावं लागे. अन् गाडी मागून खटखट करे. प्रत्येक खट त्या माउलीच्या कमरेत जाई. उशी पोटाशी धरून बसे बिचारी.

यायनं पहिल्या खेपेले मागचे दोन्ही शॉकअप बदलले. दुसऱ्या खेपेले सायलेन्सर आवळला. खटखट तशीच. मले समजलं होतं, हे अंदाजानं करून राहिले. ज्या माणसानं जन्मभर अंदाजानं काम करणाऱ्यायले शिव्या दिल्या, तो अंदाज करत होता.

तिसऱ्या खेपेले गोवर्धनभाऊ हळूच म्हणाले, "मिस्त्री, राग नका मानू. आज मुक्काम गोंदियालेच आहे, उद्या सकाळी एकवार पाहा, नाही त दुसरीकडे दाखवतो." ते हळू बोलले, म्हणून मलेच यायले पुन्हा सांगावं लागलं. असं सांगणं कोणाच्या वाट्याले येऊ नये.

त्या दिवशी हे जेवले नाही. ताट सारलं अन् म्हणाले, "रुख्मा, हे नाही सापडलं त मी शेड बंद करतो. ज्याले गाडी ऐकू येत नाही तो कायचा मिस्त्री?"

पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं. रडत बसणारी बाई मी नाही. म्हटलं, "सकाळी मी मागं बसते. वाजलं की तुमच्या खांद्यावर बोट दाबते. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

"तुले गाडीतलं का समजते?"

"काही समजत नाही. पण खट झालं हे त समजते ना?"

सकाळी गोवर्धनभाऊ स्टेअरिंगवर, हे बाजूले, मागं मी अन् सुमित्राबाई. "वहिनी काऊन येऊन राहिल्या?" भाऊंनी विचारलं. मी म्हटलं, "बाजारात उतराचं आहे," अन् डावा हात यायच्या खांद्यावर ठेवला. सुमित्राबाईनं ते पाहिलं.

या खेपेले यायनं डोळे मिटले नाही. रस्ता पाहत राहिले. बारीक खड्डा आला, खट, मी दाबलं. ब्रेक मारला, खट, दाबलं. मोठ्या गतिरोधकावर गाडी चढून उतरली, आवाज नाही. माझं बोट गप. हे म्हणाले, "भाऊ, आता डावं चाक तेवढं खड्ड्यात घाला." मी जोरात दाबलं. "आता उजवं." काहीच नाही. असं दोन-चारदा झालं अन् यायचा खांदा माझ्या हाताखाली सैल पडला. मले तिथंच कळलं, यायले सापडलं.

शेडात येऊन यायनं डावी बाजू जॅकवर घेतली. चाकाले धरून ठेवणारा जो लोखंडी हात असते, त्याच्या बुडाशी टॉमी, म्हणजे जाड लोखंडी सळई, घालून दाबलं. हात जागचा हलला. मधातलं रबराचं बुश तडकून भुगा झालतं. "हे पाहा," हे म्हणाले, "बारीक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटते. शॉकअपचा काही दोष नव्हता. मी उगाच बदलले."

दोन्हीकडं नवे बुश घातले, पण बोल्ट आवळले नाही. गाडी शेडातल्या खड्ड्यावर आपल्या चाकांवर उभी केली, दोघा नवराबायकोले आत बसवलं अन् मंग खालून आवळले. चाक लटकत असताना आवळलं त रबर पिळलेलं राहते अन् लवकर फाटते, म्हणून.

पुन्हा चक्कर मारली. खड्ड्यामागून खड्डे गेले, माझं बोट कुठंच दाबलं गेलं नाही. सुमित्राबाईनं पोटाशी धरलेली उशी बाजूले ठेवली.

गोवर्धनभाऊ खुश होऊन मोठ्यानं म्हणाले, "मानलं मिस्त्री, काय कान आहेत तुमचे!"

ते ऐकू आलं यायले. 'हो' म्हणून हसले असते तरी कोणाले कळलं नसतं. हे तसंच करतील असं मी धरून चालली होती.

"कान माझे नाहीत भाऊ," हे म्हणाले. "मले ऐकू येत नाही. कान हिचे होते."

सुमित्राबाईनं माझा हात धरला. "मंग पुढच्या खेपेले बी ह्याच बसतील मागं," ती म्हणाली. अन् पुढची खेप होण्याआधीच भाऊंनी सोताच्या साळ्याची जीप दुरुस्तीले पाठवून दिली.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी चहा घेताना मी म्हटलं, "सांगायची का गरज होती? कोणाले कळलं नसतं."

यायनं कप खाली ठेवला. "गाडीचा आवाज गेला त गेला," म्हणाले. "पण तुझा आवाज बी बारीक होऊन राहिला रुख्मा. दिवसभर तू बोलतेस, अन् मले नुसते ओठ दिसतात. त्याचंच भेव वाटते मले."

एवढ्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते. मले वाटे, माझं बोलणं हे कानाआड करतात.

मी उठली, यायच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाजवळ पाट सरकवून बसली अन् सकाळपासूनचं सगळं पहिल्यापासून सांगायले लागली. मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून. शेजारची अल्का कुंपणावरून डोकावली, "काकू, भांडण होऊन राहिलं का?"

मी म्हटलं, "हो."