बंगल्यावर गेलेला वाटा

मला सल्लागार केलं हा माझा सन्मान होता असं अजूनही काही लोक म्हणतात. तो सन्मान वगैरे काही नव्हता. मुंबईत आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ बसलं होतं आणि वरून हुकूम आला होता, की राखीव जंगलातल्या चोरट्या शिकारीला आळा घालण्यासाठी जी समिती बसेल तिच्यात एक तरी 'लोकांचा माणूस' असावा. धुळ्याच्या जंगलखात्याच्या साहेबाने गावात चौकशी केली, तेव्हा त्याच्या हाती माझीच पत्रकं पडली. मी शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याचा पोर. तुरुंगात एकदा जाऊन आलेला. हस्तपत्रकं लिहायची, छापखान्याच्या दारात शाई वाळण्याआधीच उचलायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची, हा माझा धंदा. साहेबाला वाटलं, ह्याला खुर्ची दिली की हा गप्प बसेल.

समितीत साहेब होता, मी होतो, आणि कापसाचा एक जिनिंगवाला शेठ होता. शेठ नामी शिकारी म्हणून गाजलेला. त्याच्या दिवाणखान्यात भिंत दिसत नसे इतकी शिंगं. ज्याच्या भिंतीवर अर्धं जंगल ठोकलेलं आहे, तो माणूस जंगल वाचवण्याचा सल्ला देणार! मी पहिल्याच बैठकीत हे बोललो. साहेब हसला. शेठही हसला. खालच्या लोकांच्या रागाला वरचे लोक हसतात तसे दोघे हसले.

मी माझा सल्ला कागदावर न लिहिता तोंडाने दिला. म्हटलं, "जनावर पाड्यातल्या बाणांनी संपत नाही, मोटारींनी संपतं. सोनगीरच्या पुढे आग्रा रोडवर नाका बसवा. शिरपूरकडे जाणारी प्रत्येक मोटार अडवा, शिकारीचे दिवे आणि बंदुका तपासा. शिंगं आणि कातडी विकायला बंदी करा. चार महिने करून बघा."

"आणि भिल्लांचं काय?" शेठ म्हणाला. "ते काय सांबराला ओवाळतात?"

"ते खातात. तुम्ही टांगता."

"पत्रकवाले," साहेब म्हणाला, "इथे बाजार भरलेला नाही."

साहेब आपलाच होता, पुण्याकडचा. गोरा असता तर निदान शिवी तरी सोपी गेली असती. त्याने स्वतःचा नियम आधीच करून ठेवला होता: ज्या पाड्यात मनाई असलेल्या जनावराचं मांस सापडेल तिथे खाणारा तो गुन्हेगार, आणि अख्खा पाडा जंगलाबाहेर. मारलं कोणी, कशाने, हे बघायचं कारणच नाही. आम्ही फक्त मान डोलवायची होती.

मी मान डोलवली नाही. उलट म्हटलं, मी जाऊन बघतो पाडे कसे राहतात ते. आणि गेलो, सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्या वर. शेवटचा टप्पा पायी.

ज्या पाड्यात मी पोचलो तो राखीव जंगलाच्या आतच होता. सरकारच्याच कामासाठी, झाडं तोडायला आणि वणवे विझवायला, सरकारनेच तिथे बसवलेला. म्हणजे घरं त्यांची, पण पायाखालची जमीन साहेबाच्या मर्जीची. त्या सकाळी पाड्याच्या नाल्यात एक सांबर येऊन कोसळलं होतं. पाठीमागच्या फऱ्यात, मांडीत, गोळी. आदल्या रात्री पलीकडच्या रस्त्यावर मोटारीचा उजेड फिरला होता हे बायका सांगत होत्या. तडफडणाऱ्या त्या जनावराला पाड्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने, सगळे त्याला आबा म्हणत, एका बाणात मोकळं केलं. मी पोचलो तेव्हा पळसाची पानं मांडून वाटे पडत होते.

मी लांब उभा राहिलो. आबाने माझ्याकडे न बघताच एक पान वाढवलं.

"आबा, मी तर आत्ताच आलो. हात लावला नाही कशाला."

"तू उना ना?" आबा म्हणाला. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी अहिराणीत. "मंग वाटा शे तुना."

हाच तिथला रिवाज. वाटे पडताना जो हजर तो वाटेकरी. शिकारी असो, वाटसरू असो, म्हातारी असो. कुत्र्यालासुद्धा वाटा. आमच्या घरी मांस शिजत नाही. तरी मी खाल्लं, मिठाशिवाय भाजलेलं, आणि मला ते आवडलं हेही सांगून टाकतो.

तेवढ्यात जंगलाचा गार्ड आला, खाकी टोपी, हातात काठी. मला वाटलं आता पळापळ होणार. कोणी हललंसुद्धा नाही. त्याच्यापुढेही पान मांडलं. तो मांडी घालून बसला, म्हणाला, "मऊ बघून घाला रे." उठताना त्याने एक मोठा फरा पानांत गुंडाळून घेतला. "सरकारी बंगल्यावर साहेबांचा मुक्काम आहे," तो म्हणाला, "साहेबांचा वाटा." आबाने मान हलवली. साहेबाचाही वाटा असतो, त्यात काय.

डोकं आणि शिंगं मात्र वाट्यात नव्हती. ती देवाची. झाडाखाली शेंदूर लावलेल्या दगडापुढे ठेवलेली होती.

दुपारी शेठची मोटार आली. रक्ताचा माग काढत आली होती. शेठला मांस नको होतं, शिंगं हवी होती. आबा म्हणाला, देवाला दिलं ते परत कसं मागू? शेठने पैसे दाखवले, मग आवाज चढवला, मग मला तिथे बघून आवाज उतरवला. जाताना मला म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत ना ह्यांना?"

"देव मी नाही शिकवला त्यांना, शेठ."

आणि दोन दिवसांत आबाला बंगल्यावर धरून आणलं. तक्रार शेठची: सांबर चोरून मारलं. साक्ष गार्डाची: झडती घेतली तेव्हा मांस सापडलं. झडती! मांडी घालून घेतली होती झडती! साहेबाने समितीची बैठकही तिथेच, बंगल्याच्या ओसरीवर ठेवली. नव्या नियमाचा पहिला दाखला म्हणून हे प्रकरण त्याला आयतंच मिळालं होतं. नियम मंजूर, पाडा खाली, एका बैठकीत दोन कामं.

साहेबाने आबाला विचारलं, "कोणी मारलं?"

"मी मारं."

"खाल्लं कोणी कोणी?"

"मीच खाधं."

"एवढं मोठं सांबर एकट्याने?"

"भूक व्हती," आबा म्हणाला.

ओसरीवरचे शिपाई खदाखदा हसले. मी आबाच्या कानाशी वाकलो. म्हटलं, आबा, मोटारीचं सांग, गोळीचं सांग. गार्ड तुझ्या पानावर जेवला ते सांग. तुझ्या एकट्याच्या कबुलीवर अख्खा पाडा उठतोय, पोरंबाळं पावसात कुठे नेणार?

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला चोरी करायला सांगतोय. "वाटा खाणारानं नाव कोणी लेत नही," तो हळू आवाजात म्हणाला. ज्याने वाटा खाल्ला त्याचं नाव घ्यायचं नाही, हाही तिथला रिवाज.

समोर गार्ड उभा होता. आबाच्या हिशेबाने तो एका पानावर बसलेला, म्हणजे आपला झालेला. गार्डाच्या हिशेबाने ते पान म्हणजे रोजची आमदनी. आबा त्याच्याकडे बघतही नव्हता, त्याला अडचण होऊ नये म्हणून. माझं डोकं फिरलं.

मी उभा राहिलो. "साहेब, नियम मला मंजूर आहे. खाणारा तो गुन्हेगार. मी खाल्लं. पहिलं नाव माझं घाला."

"नाटक नको."

"नाटक नाही. तुरुंग मला नवा नाही. दुसरं नाव ह्या गार्डाचं घाला. माझ्या शेजारी बसून जेवला, मऊ बघून मागून घेतलं. आणि तिसरं नाव बंगल्यातलं आहे. कारण जाताना हा फरा घेऊन गेला. साहेबांचा वाटा म्हणून."

शेठ खुर्चीत सरळ झाला. साहेब लाल झाला. "खोटं! माझ्याकडे बकऱ्याचं मटण येतं. खानसामा!"

खानसामा धुळ्याचा मुसलमान गृहस्थ होता, पांढऱ्या दाढीचा. हात पुसत आला. साहेबाने विचारलं, "परवा मुक्कामाला आलो त्या दिवशी मटण कशाचं होतं?"

"सांबर का था हुजूर. गार्डसाब लाए थे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"हुजूर ने दो बार मंगाया, मैं समझा मालूम है." मग त्याला वातावरण कळलं असावं. घाईने म्हणाला, "हमने नहीं खाया हुजूर. हलाल नहीं था."

मी मोठ्याने हसलो. आवरायला हवं होतं म्हणतात, नाही आवरलं. त्या अख्ख्या बंगल्यात नियमाने निर्दोष एवढा एकच माणूस निघाला, आणि तोही सरकारच्या कायद्यामुळे नव्हे.

बैठक तिथेच मोडली. तपास अपुरा म्हणून आबाला सोडलं. नियम पुन्हा कधी समितीपुढे आला नाही, आणि समितीही पुन्हा बसली नाही. पाडा जागेवर राहिला. आग्रा रोडवर नाका मात्र बसला नाही. शेठची मोटार फिरतच राहिली. कोणाला तरी शिक्षा हवी म्हणून गार्डाला नोकरीवरून काढलं. साहेबाला काय झालं? काही नाही. साहेबांना काय होतं?

मी मिरवत पाड्यात गेलो. का मिरवू नये? पाडा मी वाचवला होता. आबा खाटेवर बसला होता. बस म्हणाला नाही.

"त्यानं नाव तू कसाले लिधं?"

मला कळेना. "कोणाचं? गार्डाचं? आबा, तो तुमच्यावर खोटी साक्ष द्यायला उभा होता! तुमची घरं मोडायला!"

"त्यानी खोटं सांगं, ती त्यानी लाज. तू खरं सांगीसन आमनी लाज काढी. आमना वाटा खाईसन त्यानी नोकरी गई. त्याना पोरं काय खातीन?"

"तुमच्या पोरांनी काय खाल्लं असतं, ते विचार ना!"

मीही ओरडलो असेन. साहेबाचा राग येणं सोपं असतं. ज्याच्यासाठी भांडलो त्यानेच पाठ फिरवली की तो राग कुठे ठेवायचा कळत नाही, आणि मला तो अजूनही ठेवता आलेला नाही.

होळीच्या शिकारीला मी पुन्हा गेलो, मुद्दाम. वाटे पडत होते. पळसाची पानं ओळीने मांडली. म्हाताऱ्यांना, बायकांना, एका फिरत्या बोहारणीला, कुत्र्यांना. एक वाटा बांधून खाली गावात पाठवायला ठेवला. कोणाचा म्हणून विचारलं, तर त्या काढून टाकलेल्या गार्डाच्या घरचा.

माझ्यापुढे पान आलं नाही.

मी उठलो नाही. वाटे संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो, सगळ्यांच्या मधोमध, रिकाम्या मांडीने. पाठीमागे पाड्यातल्या घरांतून धूर निघत होता. मी ती घरं बघत बसलो. सगळी जागच्या जागी होती. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा नाव घेईन, आणि हे आबाने ऐकावं म्हणून मी ते तिथे मोठ्याने बोललोही. त्याने ऐकलं. हाड चघळत तो कुत्र्याला म्हणाला, "सरक रे," आणि माझ्याकडे पाठ करून बसला.