तापाचा पगार

दूध प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या-रजा लिहीत वीस वर्षं काढली की माणूस अर्धा डॉक्टर होतो. कोणाचं पित्त, कोणाची पाठ, सगळं माझ्याच टेबलावर! त्यात यंदा संगमनेरच्या आमच्या प्लांटमध्ये आजारी रजेचा नियम बदलायचं चाललंय. तेव्हापासून तर किस्से ठेवायला फाइल पुरत नाही.

*

जुना नियम असा: आजारपणाचे पहिले तीन दिवस बिनपगारी, चौथ्यापासून पगार. त्यामुळे आमच्याकडे दोन दिवसांचा ताप कधी कोणाला आलाच नाही. साधी सर्दीसुद्धा आठवडाभर मुक्कामाला!

*

नव्या नियमात पहिल्या दिवसापासून पगार, आणि पॅकिंगच्या रोजंदार बायकांनाही. तीन महिने चालवून बघायचं, लोकांनी गैरफायदा घेतला तर बंद. सूचना मागवायला मीटिंग झाली. बॉयलरवरचे नाना उभे राहिले आणि मलाच विचारलं,

"मॅडम, रविवारी आजारी पडलं तर बदली सुट्टी भेटंल का?"

मॅनेजर हसले नाहीत. मला मात्र खोकला आल्याचं नाटक करून बाहेर जावं लागलं.

*

आजारी असाल तर शिफ्टच्या आधी स्वतः फोन करायचा, हीही नवी अट. नियम सुरू झाला आणि पहिलाच फोन टँकरवरच्या रंगाचा. आवाज अगदी खोल गेलेला, पण मागे सनई आणि हलगी जोरात. म्हटलं, "रंगा, वाजतंय काय ते?"

"कान वाजत्यात, मॅडम!"

*

लक्ष्मणने अर्ज दिला, 'घरात आजारपण असल्यामुळे'. कोणाचं? तर गाईचं!

"अरे, नियम माणसांपुरता आहे."

"मॅडम, मी पडलो तरी प्लांट चालतोय. गाया पडल्या तर पिशवीत काय भरनार?"

रजा दिली, बिनपगारी.

*

पॅकिंगला कौसाबाई आहेत, पाथर्डीकडच्या. पंधरा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होत्या, दिवाळीपासून इथे आहेत. तोडीत एक दिवस चुकला की त्याला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादमाला दंड भरायचा. त्याच धास्तीने बाई अंगात ताप असताना पिशव्या भरत उभ्या! मशीनपाशी तोल गेला तेव्हा कुठे सुपरवायझरने त्यांना घरी पाठवलं.

दोन दिवसांनी त्या माझ्या खिडकीशी आल्या. पदराची गाठ सोडून पाचशेची नोट पुढे सरकवली.

"खाड्याचे, मॅडम. दोन दिसांचे. कमी हायेत का?"

मी नोट परत सरकवली. म्हटलं, "अहो, भरायचं काही नाही. उलट त्या दोन दिवसांचा पगार मिळणार तुम्हाला!"

त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग मोबाईल काढून नवऱ्याला लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यांना सांगा." मी सगळा नियम सावकाश समजावून सांगितला.

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "मॅडम, आत्ताशी तापातनं उठलीय ती. तिची अशी चेष्टा नका करू."